डीपी जळते कशाने? खंबातच्या समुद्रातली पवनचक्की आणि बऱ्हाणपूर-रावेरचा केळीवाला

विशेष विश्लेषण | शनवारा, बऱ्हाणपूर

बऱ्हाणपूरच्या काठाने वाहणारी तापी खान्देश ओलांडते आणि सुरतपलीकडे खंबातच्या आखाताला मिळते. त्याच आखातात, पिपावाव बंदरासमोरच्या समुद्रात, देशातल्या पहिल्या सागरी पवनचक्क्या उभ्या करायची तयारी केंद्र सरकार काही वर्षांपासून करतंय. सागरी पवनऊर्जेचं राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये आलं. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यासमोर प्रत्येकी ५०० मेगावॅटचे प्रकल्प उभारण्यासाठी यातले ६,८५३ कोटी, तर दोन बंदरांच्या सुधारणेसाठी ६०० कोटी. गुजरातच्या ५०० मेगावॅटची निविदा २०२४ मध्ये निघाली आणि २०२५ मध्ये रद्द झाली. निविदा रद्द झाली, म्हणून योजना रद्द झालेली नाही. अटी नव्याने लिहायला मात्र वेळ मिळाला आहे.

शनवाऱ्याच्या चौकात उभ्या असलेल्या लूमवाल्याला किंवा रावेरच्या केळी बागायतदाराला ही बातमी सांगितली, तर तो म्हणेल, समुद्रातल्या पंख्यांचं आम्हाला काय? प्रश्न रास्त आहे. त्याला दोन उत्तरं आहेत. एक, हा पैसा करदात्याचा आहे. समुद्रातली वीज आज महाग पडते, ती तफावत सरकार भरून देणार आहे. दोन, सागरी पवनचक्क्यांच्या सुरुवातीच्या काळात ज्या वस्तूने कंपन्यांना घाम फोडला, ती वस्तू आपल्या शेताच्या बांधावरही उभी आहे. ती म्हणजे ट्रान्सफॉर्मर. वर्तमानपत्रात त्याला रोहित्र म्हणतात, गावात सगळे डीपी म्हणतात.

आकडा जवळपास तोच

सध्याच्या मोठ्या सागरी पवनचक्क्या १४-१५ मेगावॅटच्या आहेत. अनेक पवनचक्क्यांत जनित्राची वीज ६९० व्होल्टवर येते. १५ मेगावॅट वीज त्या व्होल्टेजवर न्यायची, तर सुमारे साडेबारा हजार अँपिअर प्रवाह सांभाळावा लागतो. एवढ्या जाडीची केबल समुद्रातून किनाऱ्यापर्यंत टाकणं शक्य नाही. म्हणून पवनचक्कीतच एक ट्रान्सफॉर्मर बसवतात आणि तो व्होल्टेज ६६ हजारांवर नेतो. मग तीच वीज साधारण १३१ अँपिअरमध्ये बाहेर पडते.

आता गावाकडची १०० केव्हीएची डीपी घ्या. ती उलट काम करते. ११ हजार व्होल्ट घेते आणि ४३३ व्होल्टवर आणून सोडते. पूर्ण भारावर तिच्यातून पंपांकडे जाणारा प्रवाह साधारण १३३ अँपिअर. दोन्ही ठिकाणी आकडा जवळपास तोच, ताकदीत मात्र दीडशे पटींचा फरक. आतली रचनाही मुळात सारखीच आहे: लोखंडी गाभा, त्यावर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची कॉइल, आणि वेढ्यावेढ्यांमध्ये इन्सुलेशन. शेतातल्या डीपीत हे इन्सुलेशन म्हणजे कागद आणि तेल. समुद्रात कुठे घट्ट ओतलेलं रेझिन, कुठे सहजी पेट न घेणारं खास द्रव.

ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य म्हणजे या इन्सुलेशनचं आयुष्य. तांबं झिजत नाही, गाभाही झिजत नाही. कागद मात्र उष्णतेने ठिसूळ होत जातो. कॉइलचं तापमान मर्यादेच्या वर सहा-सात अंशांनी वाढलं, की कागदाचं उरलेलं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. बारा-चौदा अंश वाढलं, तर पाव. म्हणून बऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगरकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना ज्या डीपीवर जादा भार पडतो, ती एका उन्हाळ्यात कित्येक वर्षांनी म्हातारी होते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. एक दिवस धाड आवाज येतो, तेल उसळतं, आणि ‘डीपी जळाली’ अशी बातमी होते. ती त्या दिवशी मेलेली नसते, महिनोन् महिने मरत असते.

डेन्मार्कने मोजलेली किंमत

समुद्रातल्या यंत्रांना उष्णतेच्या जोडीला आणखी ताण सोसावे लागतात. वारा क्षणात वाढतो, क्षणात पडतो. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर दिवसातून अनेकदा गरम होतो आणि थंड पडतो. या प्रसरण-आकुंचनाने रेझिनला बारीक चिरा पडू शकतात. खारी दमट हवा त्या चिरांत आणि पृष्ठभागावर बसते, तिथून वीज झिरपायला वाट मिळते. शंभर मीटरहून उंच माथ्यावर यंत्र असेल, तर सततचं हादरणं वेगळंच.

त्याहून छुपा ताण व्होल्टेजचा. वाऱ्याच्या वेगाप्रमाणे बदलणारी वीज ग्रीडला चालेल अशी करण्यासाठी मध्ये कन्व्हर्टर असतो. त्यातले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. प्रत्येक वेळी व्होल्टेज उभ्या पायरीसारखं चढतं. अशी उभी पायरी कॉइलवर सारखी वाटली जात नाही, पहिल्या काही वेढ्यांवरच तिचा मोठा भाग आदळतो. ब्रेकर बंद-चालू करताना लांब समुद्री केबलमधून धावणाऱ्या व्होल्टेजच्या लाटाही ट्रान्सफॉर्मरवर आपटून परत फिरतात आणि त्या जागी व्होल्टेज जवळपास दुप्पट होऊ शकतं. मीटरवर सरासरी व्होल्टेज बरोबर दिसतं. इन्सुलेशन मात्र आतून टोचलं जात असतं.

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यासमोर २००२ मध्ये हॉर्न्स रेव्ह हा प्रकल्प सुरू झाला. प्रत्येकी दोन मेगावॅटच्या ८० पवनचक्क्या. दोन वर्षांत ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रांच्या इतक्या तक्रारी आल्या, की २००४ मध्ये व्हेस्टास कंपनीला सगळ्या पवनचक्क्यांच्या माथ्यावरची यंत्रघरं उतरवून दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर आणावी लागली. त्याच देशातल्या न्यूस्टेड प्रकल्पात २००७ मध्ये समुद्रातल्या सबस्टेशनचा मुख्य ट्रान्सफॉर्मर बिघडला. ७२ पवनचक्क्या ठणठणीत होत्या, वारा होता, पण वीज किनाऱ्यावर न्यायला वाट नव्हती. प्रकल्प काही महिने ठप्प राहिला.

यातून त्या उद्योगाने जो धडा घेतला तो असा: ट्रान्सफॉर्मर हा कोपऱ्यात ठेवायचा सुटा भाग नाही. पवनचक्की, कन्व्हर्टर, ब्रेकर, केबल आणि ट्रान्सफॉर्मर यांचा एकमेकांवर काय ताण पडतो, हे आधी मोजायचं आणि मग डिझाइन ठरवायचं. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने पवनचक्क्यांच्या ट्रान्सफॉर्मरसाठी वेगळं मानकच काढलं. तापमान, तेलातले वायू, इन्सुलेशनमधल्या बारीक ठिणग्या यांवर सतत नजर ठेवायची पद्धत रुळत गेली. कारण समुद्रात दुरुस्तीला जायचं म्हणजे जहाज हवं, क्रेन हवी आणि शांत हवामान हवं. खंबातच्या समुद्रात जून ते सप्टेंबर हे चार महिने खवळलेले. जूनमध्ये बिघाड झाला तर काय, याचं उत्तर निविदेतच लिहिलेलं असायला हवं.

बांधावरची डीपी काय सोसते

आता समुद्रावरून परत तापीकाठी. एका १०० केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीचे पंधरा पंप आहेत असं समजू. सगळे चालू असताना प्रवाह ११०-११५ अँपिअरच्या आसपास, म्हणजे डीपी सुखात. पण पंप सुरू होताना मोटर चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट खेचते. लाइट येते ती ठरावीक तासांसाठी, कधी मध्यरात्री. रात्री दोन वाजता कोण बागेत जाऊन स्टार्टर दाबणार? म्हणून घरोघर ऑटो स्विच बसलेले. लाइट आली की पंधराही मोटरी एका क्षणात उठतात. त्या क्षणी डीपीवर साडेसहाशे-सातशे अँपिअरची मागणी, क्षमतेच्या पाच पट. कॉइलवर पडणारा यांत्रिक धक्का प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे प्रवाह पाच पट तर धक्का पंचवीस पट. वेढे हलतात, सैल होतात. लाइट दिवसातून चार वेळा गेली-आली तर हा धक्का चार वेळा बसतो.

महावितरण वर्षानुवर्षं आवाहन करतंय: ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. सल्ला चूक नाही. कॅपॅसिटरने डीपीवरचा फुकटचा प्रवाह खरंच कमी होतो. पण ऑटो स्विच हा शेतकऱ्याचा हट्ट नाही, अवेळी येणाऱ्या विजेवर त्याने काढलेला तोडगा आहे. दिवसा आणि भरवशाची लाइट मिळाली, तर अर्धे ऑटो स्विच आपोआप निघतील.

बाकीची कारणं गावातला कुठलाही वायरमन बोटावर मोजून सांगेल. फ्यूजच्या जागी जाड तार बांधलेली, त्यामुळे फ्यूज उडायच्या ऐवजी कॉइल जळते. तेल गळून किंवा चोरीला जाऊन पातळी खाली गेलेली. अर्थिंगची तार तुटलेली. वीज पडली तर वाचवणारा अरेस्टर जळून गेलेला आणि बदललाच नाही. तीन फेजपैकी एकावरच सगळा भार. मंजूर भार तीन एचपी आणि बसवलेली मोटर साडेसातची. वर आकडे. आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण: जळालेली डीपी घाईत पुन्हा गुंडाळून आली, नीट सुकवली नाही, कागदात ओल राहिली, आणि लावल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा गेली. लोक म्हणतात, नशीबच खराब. नशिबाचा यात काहीही संबंध नाही.

केळीला हे परवडत नाही. उन्हाळ्यात निसवलेल्या बागेत एका झाडाला दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं. डीपी गेली की ठिबक बंद. चार-पाच दिवस उन्हात कोरडे गेले तर घडाची भरणी थांबते, फळ बारीक राहतं, भाव पडतो. डीपीच्या किमतीपेक्षा तिच्यावरच्या बागांचं नुकसान मोठं असू शकतं, पण ते कुठल्याच कंपनीच्या वहीत लिहिलं जात नाही.

मागांच्या गल्ल्यांत नवा ताण

शहरातला ताण वेगळ्या जातीचा आहे. बऱ्हाणपूर हे पावरलूमचं गाव. जुन्या मागाची साधी मोटर वीज सरळ लाटेत घेते. पण जिथे जिथे जुने माग जाऊन इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर चालणारी नवी यंत्रं येतात, घरोघर एलईडी, इन्व्हर्टर, बॅटरीच्या गाड्यांचे चार्जर लागतात, तिथे प्रवाहाची लाट तुटक होते. अभियंते याला हार्मोनिक्स म्हणतात. पवनचक्कीच्या कन्व्हर्टरमधून ट्रान्सफॉर्मरला त्रास देणारी हीच ती गोष्ट, लहान प्रमाणात.

याचा परिणाम दिसतो तो असा. मीटरवर भार मर्यादेत आहे, तरी डीपी तापते. कारण तुटक लाटेतले जलद हेलकावे कॉइलमध्ये जादा उष्णता तयार करतात, आणि ती हेलकाव्यांच्या वेगाच्या वर्गाने वाढते. न्यूट्रलची तार, जी खरं तर जवळजवळ रिकामी असायला हवी, तीच गरम होते. ती तुटली तर शेजारच्या घरांत व्होल्टेज अचानक चढतं आणि टीव्ही-फ्रिज जळतात. मोठे कारखाने यासाठी फिल्टर लावतात किंवा खास बनावटीचा ट्रान्सफॉर्मर घेतात. चार मागांच्या बुनकराकडे ती ऐपत नाही, आणि त्याची डीपी वेगळी निवडायला हवी हे कुणी तपासतही नाही.

छतावरच्या सौर पॅनेललाही यात दोष द्यायची घाई नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेमुळे पॅनेल वाढत आहेत आणि चांगल्या प्रतीचा इन्व्हर्टर फारसा त्रास देत नाही. पण एकाच लहान डीपीवर गर्दीने पॅनेल लागली, तर दुपारी वीज उलटी वाहते आणि व्होल्टेज चढतं. त्याचा हिशेब आधी करावा लागतो, डीपी गेल्यावर नाही.

हद्द बदलते, कारण बदलत नाही

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने निघालं की काही किलोमीटरवर राज्य बदलतं. अलीकडे इंदूरची पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी, पलीकडे महावितरण. दर वेगळे, अनुदान वेगळं, बिलाची भाषा वेगळी. पाहुणे दोन्हीकडे असतात, त्यामुळे ‘तुमच्याकडे डीपी किती दिवसांत बदलते’ हा लग्नकार्यातला नेहमीचा विषय. पण जळायची कारणं तंतोतंत तीच आहेत, आणि एक सवयही तीच: डीपी बदलायची, कारण शोधायचं नाही. जळालेला ट्रान्सफॉर्मर गाडीत टाकला, वर्कशॉपला गेला, दुसरा आला, काम संपलं. तो भाराने गेला, विजेने गेला, ओलाव्याने गेला की वाइंडिंगच्या दर्जाने, हे लिहून ग्राहकांसमोर कुणी ठेवत नाही. मग नवीन डीपीही त्याच वाटेने जाते. दोन्हीकडे वादही तोच रंगतो: कंपनी म्हणते थकबाकी भरा, शेतकरी म्हणतो आधी लाइट द्या.

मोजायची साधनं आता नाहीत असंही नाही. केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेचा आराखडा तीन लाख तीन हजार कोटी रुपयांहून मोठा आहे. तिच्यात घराघरातल्या स्मार्ट मीटरबरोबर फीडरवर आणि डीपीवरही संवादी मीटर बसवायचे आहेत. चर्चा सगळी घरच्या मीटरची होते, आंदोलनंही त्यावरच होतात. डीपीवरच्या मीटरबद्दल कुणी बोलत नाही. खरं तर ग्राहकाच्या कामाचा तोच. कुठल्या डीपीवर किती भार, कुठला फेज ओढला जातोय, व्होल्टेज कधी पडतं, हे त्याला दिसतं. गळती आणि चोरी पकडण्यासाठी ही माहिती वापरायची आणि डीपी वाचवण्यासाठी वापरायची नाही, असं होऊ नये.

बऱ्हाणपूरकरांना तपासणीचं महत्त्व शिकवायची गरज नाही. १६१५ च्या सुमारास बांधलेला कुंडी भंडारा आजही पाणी देतो. जमिनीखालच्या त्या बोगद्यावर शंभरावर कुंड्या आहेत. हवा जाते, माणूस उतरतो, गाळ दिसतो, साफ करता येतो. बांधणाऱ्यांनी बघायला जागा ठेवली होती.

मागायचं ते नेमकं

खंबातसाठी नवी निविदा निघेल तेव्हा लोकप्रतिनिधींनी तीन गोष्टी विचाराव्यात. ट्रान्सफॉर्मर आणि सबस्टेशनच्या बिघाडाची माहिती सार्वजनिक करायची अट आहे का? पावसाळ्यात बिघाड झाला, तर पर्यायी ट्रान्सफॉर्मर कुठे आणि किती दिवसांत? आणि बंद काळाचा बोजा कोणावर, कंपनीवर की अनुदानावर? डेन्मार्कमध्ये कंपन्यांनी चुकांची किंमत मोजली आणि यंत्रं सुधारली. सार्वजनिक पैशावर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पात बिघाड गुलदस्त्यात राहिला, तर तो धडा आपल्याला पुन्हा पैसे मोजून शिकावा लागेल.

बांधावरच्या डीपीसाठी मागणी याहून सोपी आहे. प्रत्येक जळालेल्या डीपीचं कारण लेखी नोंदवा. एकच जागा वर्षात दोनदा जळाली, तर नुसती बदलू नका, भार विभागा किंवा क्षमता वाढवा. वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन आलेल्या डीपीचा चाचणी अहवाल ग्राहकाला दाखवा. उन्हाळ्याआधी तेल, अर्थिंग आणि अरेस्टर तपासा.

कायदा यासाठी पुरेसा आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ प्रमाणे सेवेचा दर्जा वीज नियामक आयोग ठरवतो आणि तो पाळला नाही तर ग्राहकाला भरपाई मिळते. दोन्ही राज्यांच्या आयोगांनी बिघाड दुरुस्तीची मुदत ठरवून दिलेली आहे. कलम ४२ प्रमाणे तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. या सरकारी वीज कंपन्यांना माहितीचा अधिकारही लागू आहे. अडचण एकच: अर्ज करणाऱ्याकडे डीपी कधी गेली, कधी तक्रार केली, कधी बदलली याची तारीखवार नोंद नसते. तोंडी तक्रारीला मंचापुढे वजन नसतं.

त्यामुळे सुरुवात डीपीवरच्या शेतकऱ्यांनीच करायची आहे. एका डीपीवरचे पंधरा-वीस जण मिळून एक वही ठेवू शकतात. डीपीचा क्रमांक, क्षमता, कोणाची मोटर किती एचपीची, लाइट गेल्याची तारीख आणि वेळ, तक्रार क्रमांक. मोटरी एकदम न उठता एकामागून एक उठाव्यात म्हणून ऑटो स्विचला मागे-पुढे वेळ लावता आली, तर कंपनीची वाट न बघता पहिला धक्का आजच कमी होतो. रब्बीचं पाणी सुरू व्हायच्या आत हे झालं, तर पुढच्या वेळी कार्यालयात ‘डीपी बदला’ एवढंच सांगावं लागणार नाही. ‘या डीपीवर भार जास्त आहे, ही बघा नोंद’ असं म्हणता येईल, आणि त्या अर्जाला कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागेल.